विश्लेषण : अकराव्या वर्षीच्या लग्नाला संमती म्हणायचे का? डॉ. रखमाबाईंनी लढलेला दावा

वडूज असो वा मुंबई, लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलगी अल्पवयीन असल्याचे म्हणणे असेल, तर तिच्या वयाचा पुरावा कळीचा ठरतो. वय 18च्या आत निघाले, की तिची संमती होती हा बचाव टिकत नाही. संमती देण्याइतकी समज कोणत्या वयात येते, हा प्रश्न 1880च्या दशकात गाजला तो रखमाबाईंमुळे. तोही फौजदारी नव्हे, दिवाणी दाव्यात.

दावा काय होता?

रखमाबाईंचा जन्म मुंबईत 1864चा. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी लागले. पण त्या माहेरीच राहिल्या, घरीच शिकल्या. 1884मध्ये दादाजींनी नांदायला येण्यासाठी नोटीस पाठवली, मग उच्च न्यायालयात दावा लावला.

सप्टेंबर 1885मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. ज्या विलायती कायद्याचा आधार घेतला जात होता, तो जाणत्या वयात लग्न करणाऱ्यांसाठी होता. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला तो लावता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. अपिलात हा निकाल फिरला. मार्च 1887मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडून दिले, ही कथा आजही मोबाइलवर फिरते. प्रत्यक्षात 1888मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि तडजोडीने प्रकरण मिटले.

ज्युरीपुढे काय झाले?

रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या 1889मध्ये. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहिता नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे झालेल्या जखमांनी दगावली. त्या वेळच्या दंडसंहितेत संमतीचे वय होते अवघे 10. ते तिने ओलांडलेले, त्यात समोर नवरा. त्यामुळे तिची संमती होती का, तिला समज होती का, हे ज्युरीला विचारलेच गेले नाही. बलात्काराचा आरोप टिकला नाही. हलगर्जीने गंभीर दुखापत केल्याबद्दल नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, बस्स.

मलबारींच्या मोहिमेला या दोन्ही प्रकरणांनी बळ दिले. टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला कडाडून विरोध होता. तरी 19 मार्च 1891 रोजी वयाची अट 12 झाली, आणि ती नवऱ्यालाही लागू राहिली.

आज काय स्थिती आहे?

ज्युरी गेली, समज आणि संमतीचा निर्णय आता न्यायाधीशच करतात. पत्नीसाठीची वयाची अट मात्र 15वरच अडकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017मध्ये ती 18 केली. त्यापुढच्या वयाच्या पत्नीबाबत नवऱ्याला असलेली सूट भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोटच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्य घालवले. 25 सप्टेंबर 1955 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला. नांदायला बोलावण्याचा दावा त्याच्या नवव्या कलमात आजही आहे. कैदेची शिक्षा तेवढी 1923मध्येच निघाली होती.