पुस्तके बांधता बांधता शास्त्रज्ञ झालेला मुलगा : मायकेल फॅरडे

बालमित्रांनो, विज्ञानाचा धडा कितीही वाचला तरी डोक्यात शिरत नाही, रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही, अशी तक्रार आपण सगळेच करतो. आज अशा एका थोर माणसाची माहिती पाहू, की ज्याची शाळा लहानपणीच सुटली, ज्याचं गणित कच्चं होतं आणि ज्याला स्वतःच्या स्मरणशक्तीचा भरवसा नव्हता.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. वडील लोहार. ते सतत आजारी असत, त्यामुळे घरात अठराविश्वे दारिद्र्य. १८०१ साली धान्य फार महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला एक पाव यायचा आणि तो आठवडाभर पुरवावा लागायचा. शाळेत तो जेमतेम लिहा-वाचायला आणि थोडे हिशेब करायला शिकला. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. पुढे तेथेच सात वर्षे पुस्तकबांधणीचे काम शिकला.

इतर मुलं पुस्तकं नुसती बांधायची, मायकेल ती वाचायचा. विजेवरचा एक लेख आणि रसायनशास्त्राचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. पण वाचलं आणि मिटवून ठेवलं असं त्याने केलं नाही. खिशातल्या चार पैशांत जे साहित्य मिळेल ते आणून, पुस्तकात लिहिलेलं खरं आहे का, हे तो स्वतः करून बघायचा. हाताने केलेली गोष्ट मग विसरायची कशी?

शहरात विज्ञानाची व्याख्याने होत. एका व्याख्यानाचा आकार एक शिलिंग. ते पैसे त्याचा थोरला भाऊ देई. तोही लोहारकाम करणाराच! व्याख्यानात मायकेल मुद्दे टिपून घ्यायचा आणि घरी येऊन सगळं पुन्हा सविस्तर लिहायचा. आकृत्या नीट याव्यात म्हणून तो चित्रकलाही शिकला. शिकलेलं तो एका मित्राला लांबलचक पत्रांतून समजावून सांगायचा. दुसऱ्याला सांगता आलं नाही, तर आपल्यालाच कळलं नाही, हे त्यातून लगेच समजतं.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने ती व्याख्याने आकृत्यांसह लिहून काढली, स्वतःच्या हाताने त्यांचे सुंदर पुस्तक बांधले आणि डेव्हींना पाठवले. तेव्हा जागा रिकामी नव्हती. पण १ मार्च १८१३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत त्याला मदतनीसाची नोकरी मिळाली.

पुढे याच संस्थेत फॅरडे मोठे शास्त्रज्ञ झाले. १८२१ साली त्यांनी विजेच्या जोरावर तार गोल फिरवून दाखवली. मग चुंबकापासून वीज मिळेल का, याचा ध्यास घेतला. १८२४ पासून अधूनमधून प्रयोग केले, पण पदरी काही पडेना. तरी फसलेला प्रयोगही ते वहीत लिहून ठेवत. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी यश आले. आपल्या विहिरीवरच्या पंपाची मोटार आणि सायकलचा डायनामो यांचं मूळ याच प्रयोगांत आहे.

आठवणीत राहत नाही म्हणून ते रडत बसले नाहीत. रोजचे काम लिहायचे, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा, म्हणजे मागचे चटकन सापडते. असे १६ हजारांवर परिच्छेद त्यांनी लिहिले! शिवाय नाताळात ते मुलांसाठी व्याख्याने देत. साध्या मेणबत्तीवरून त्यांनी मुलांना केवढे तरी विज्ञान समजावून दिले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. गणित त्यांना शेवटपर्यंत फारसे आले नाही. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने दिले.

तर मित्रांनो, अवघड धडा आला की घोकत बसू नका. करून बघा, वही मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा, शेजारच्या मित्राला समजावून सांगा. पालकांनाही विनंती, की संध्याकाळी घटकाभर बसून, आज काय शिकलास ते मला सांग, एवढं मुलांना जरूर विचारा. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल, ऐकणारं माणूस हवं. फॅरडेंच्या भावाने शिलिंग दिला, आपण थोडा वेळ देऊ या.