रमाबाईंचे सेवासदन

नवरा गेला किंवा त्याने टाकले, की घर सांभाळणाऱ्या बाईपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटाचा. वीस-वीस वर्षे तिने संसार ओढलेला असतो. पण त्या कामाचा दाखला कोणती कचेरी देणार? रमाबाई रानडे यांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता.

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवावे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोचून बोलावे, असे ते दिवस. तरी त्या मराठी शिकल्या, इंग्रजीही शिकल्या.

जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाईंना अन्नाची ददात नव्हती, पण ज्यांच्याभोवती सारे आयुष्य गुंफलेले, तेच उरले नाहीत. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र त्यांनी दुसऱ्या बायकांच्या दुःखाकडे पाहिले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यातही सेवासदन उभे राहिले.

तिथे बाईच्या हाती आधी पाटी आली, मग शिवण, शिक्षिकेचे किंवा परिचारिकेचे शिक्षण. रुग्णसेवा हे तेव्हा भल्या घरच्या स्त्रीचे काम मानले जात नसे. घरच्यांची समजूत काढावी लागे, राहण्याची सोय करावी लागे. पुढे सोलापुरातही सेवासदन आले.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मात्र तोच प्रश्न आपल्या दारात आणला. एका पहाटेत किती बायकांचे घर आणि घरधनी दोन्ही गेले! आता बचत गट आहेत, महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, उमेद अभियान आहे. पण आयुष्य बँकेत काढलेला माणूस म्हणून सांगतो, कर्ज ही शेवटची पायरी. त्याआधी हिशेब समजावा लागतो, हाताला कसब लागते, लेकरे कुणाजवळ ठेवायची हे ठरावे लागते. या पायऱ्या गाळून दिलेले कर्ज बाईच्या डोक्यावर नुसते ओझे होते.

आपल्या गल्लीतही अशी एखादी बाई असेल. तिला साडीचोळी जरूर द्यावी. पण जवळच्या आयटीआयचा अर्जही आणून द्यावा, आणि तो भरताना तिच्याजवळ बसावे.