भिंग कोणाचे? : योसेफ फ्राउनहोफर यांची जीवनकथा

जुन्या पितळी दुर्बिणी अनेक घराण्यांत, संग्रहालयांत आणि जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत आजही सापडतात. नळीवर एखादे नाव कोरलेले असते आणि बघणारा ते नाव वाचून भिंग त्याचेच असे धरून चालतो. आमची हयात बँकेत गेली, त्यामुळे नाव दिसले म्हणजे सही पटली असे आम्ही कधी मानत नाही. ती नमुना सहीशी ताडून बघावी लागते. दुर्बिणीचे तसेच आहे. पूर्वी अनेक दुकानदार दुसऱ्याकडून भिंगे विकत घेत आणि नळीवर आपले नाव घालत. लंडनच्या डॉलंड घराण्याचे नाव तर इतके खपत असे, की एखादे अक्षर बदलून त्याच्या नकला विकल्या जात. म्हणून जाणकार नळी बाजूला ठेवून काच बघतात. काचेची ही भाषा ज्यांनी घडवली, त्या योसेफ फ्राउनहोफर यांचे चरित्र आम्ही सभासदांपुढे ठेवत आहोत.

योसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातील स्ट्राउबिंग या गावी झाला. वडील खिडक्यांना काचा बसवणारे कारागीर. अकरा भावंडांत योसेफ सर्वांत धाकटा. दहा-अकरा वर्षांचा होईतो आई आणि पाठोपाठ वडीलही गेले. पालकांनी त्याला म्युनिकमधल्या वाइक्सेलबर्गर नावाच्या आरसे बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. तिथे पगार नव्हता आणि मालकाला पोराचे वाचन खपत नसे. रविवारच्या शाळेलाही तो जाऊ देत नसे.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. मालकाची पत्नी त्यात मरण पावली. चौदा वर्षांचा योसेफ कित्येक तास ढिगाऱ्याखाली होता. सुटकेचे काम बघायला बव्हेरियाचे शासक मॅक्सिमिलियन योसेफ स्वतः आले होते. पोरगा जिवंत निघाला तेव्हा त्यांनी त्याला अठरा सोन्याची नाणी दिली. उद्योजक उट्झश्नायडर यांचीही तिथेच त्याच्याशी ओळख झाली आणि त्यांनी त्याला गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली. त्या नाण्यांतून योसेफने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीचा उरलेला काळ मालकाला पैसे देऊन सोडवून घेतला. भेटकार्डे कोरण्याचा धंदा करून बघितला, तो चालला नाही. पुन्हा जुन्या मालकाकडे जावे लागले. अखेर १८०६ मध्ये उट्झश्नायडर यांच्या कारखान्यात त्याला जागा मिळाली.

आता थोडे काचेविषयी. एकाच भिंगाच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगांची कड दिसते, कारण प्रत्येक रंग काचेत वेगवेगळा वळतो. हलकी क्राउन काच आणि जड फ्लिंट काच यांची दोन भिंगे जोडली, की हा दोष बराच कमी होतो. पण मोठ्या आकाराची निर्दोष फ्लिंट काच मिळणे फार कठीण. वितळलेल्या काचेत जड भाग खाली बसतो आणि आत शिरा राहतात. पिएर लुई गिनाँ या स्विस कारागिराने यावर उपाय काढला होता. भाजलेल्या मातीच्या दांड्याने ते वितळलेली काच ढवळत, आपल्याकडे ताक घुसळतात तशी. बेनेडिक्टबॉयर्नच्या जुन्या मठात उट्झश्नायडर यांनी काचभट्टी काढली होती. तिथे गिनाँ काम करत आणि तिथेच ही विद्या फ्राउनहोफर यांच्याकडे आली. फ्राउनहोफर यांनी तिला मोजमापाची जोड दिली. १८१४ मध्ये गिनाँ स्वित्झर्लंडला परतले. फ्राउनहोफर यांच्या यशात या माणसाचा वाटा नोंदवल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

भिंगाची वक्रता गणिताने ठरवायची, तर कोणता रंग किती वळतो हे नेमके कळायला हवे. पण इंद्रधनुष्यातला हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो? मोजायला खूणच नाही. फ्राउनहोफर यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक फटीतून सूर्यप्रकाश घेतला, लोलकातून नेला आणि कोन मोजायच्या यंत्राच्या दुर्बिणीतून पाहिला. रंगांच्या पट्ट्यावर असंख्य काळ्या उभ्या रेषा दिसल्या. काही रेषा वोलस्टन यांनी १८०२ मध्ये पाहिल्या होत्या, पण फ्राउनहोफर यांनी ५७० हून अधिक रेषा मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. त्या रेषा का पडतात हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना काच मोजायची होती, आणि त्यासाठी न हलणाऱ्या खुणा सापडल्या होत्या. रेषांचा अर्थ १८५९ मध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी लावला, तेव्हा सूर्यात कोणते पदार्थ आहेत हे पृथ्वीवर बसून कळू लागले.

या कथेचा एक धागा आपल्या भागापर्यंत येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडीत प्रकाशाचे पृथक्करण करणारे यंत्र लावले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात त्यांना ठळक रंगीत रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. फ्राउनहोफर यांनी लावलेल्या अक्षरांशीच या रेषा ताडून बघायच्या होत्या.

फ्राउनहोफर यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे १८२४ मध्ये डोरपाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू येथे, पोहोचलेली दुर्बीण. तिचे भिंग २४ सेंटिमीटर व्यासाचे, आणि घड्याळाच्या यंत्रणेने ती ताऱ्यामागे आपोआप फिरे. तिच्या साहाय्याने स्ट्रूव्ह यांनी सुमारे एक लाख वीस हजार तारे तपासून ३,११२ जोडताऱ्यांची सूची केली. म्युनिकच्या याच कारखान्याच्या यंत्राने बेसेल यांनी १८३८ मध्ये एका ताऱ्याचे अंतर मोजले, आणि याच कारखान्याच्या बर्लिनमधील दुर्बिणीतून २३ सप्टेंबर १८४६ रोजी गाले यांना नेपच्यून दिसला. हे दोन्ही क्षण पाहायला फ्राउनहोफर हयात नव्हते.

मान त्यांना मिळाला, पण सहज नाही. विद्यापीठाची पायरी चढलेली नाही म्हणून म्युनिकच्या विज्ञान अकादमीत काहींनी विरोध केला. तरीही १८१७ मध्ये अकादमीशी त्यांचे नाते जुळले आणि १८२४ मध्ये सरदारकी मिळाली. काच वितळवण्याची रीत मात्र कारखान्याचे गुपित म्हणून त्यांना छापता आली नाही. ७ जून १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांनी तारे जवळ आणले, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या समाधीवर कोरले आहेत.

आता मूळ प्रश्न, भिंग ओळखायचे कसे? नळीवर बेनेडिक्टबॉयर्न असेल तर काम साधारण १८१९ पूर्वीचे, कारण त्यानंतर प्रकाशयंत्रांचे काम म्युनिकला गेले. पण त्यांच्या पश्चात मेर्झ यांनी कारखाना चालवताना फ्राउनहोफर हे नावही पुढे वापरले, म्हणून नावावर थांबायचे नाही. दिव्याचे प्रतिबिंब भिंगाच्या चारही पृष्ठभागांत बघतात आणि वक्रता मोजतात. पुढे क्राउन, मागे फ्लिंट, दोघांमध्ये कडेला तीन ठिकाणी पातळ पत्र्याचे तुकडे आणि नावापुरती फट, ही फ्राउनहोफर यांची मांडणी. काचांच्या कडेवर कारागिराने केलेल्या खुणाही पाहतात.

यात एक अडचण मात्र त्यांनीच निर्माण करून ठेवली आहे. त्यांची मांडणी इतकी चांगली ठरली, की इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखान्यांनीही ती उचलली. त्यामुळे फ्राउनहोफर पद्धतीचे भिंग जगभर सापडते आणि केवळ मांडणीवरून कर्ता सिद्ध होत नाही. काचेचा प्रकार, वक्रतेचे आकडे, नळीचे पितळकाम आणि खरेदीचे जुने कागद, हे सगळे एकमेकांशी जुळले तरच नाव लिहावे. आपल्या घरात अशी दुर्बीण असेल तर भिंग उघडून पुसण्याची घाई कोणी करू नये. आधी दोन्ही काचा कशा बसल्या आहेत ते टिपावे, कडेवरच्या पेन्सिलीच्या खुणा जपाव्यात. कर्त्याची ओळख पुष्कळदा तेवढ्यावरच टिकून असते.