किहीमची सुगरण, पायातली रिंग आणि म्हशीच्या कानातला बारा अंकी नंबर

गेल्या जुलैत मी काकांकडे किहीमला गेलो होतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडव्याला उतरलो. काकांच्या वाडीत विहिरीवर वाकलेली एक शिंदी आहे आणि तिला सुगरणीची घरटी लटकलेली असतात. मी फोनवर मर्लिन अ‍ॅप उघडलं, आवाज ऐकवला आणि काही सेकंदांत स्क्रीनवर नाव आलं: बया, म्हणजे आपली सुगरण. हे अ‍ॅप आवाजाचं आधी चित्र बनवतं. कुठल्या क्षणी कोणती पट्टी किती जोरात वाजली याचा तो आलेख असतो. मग हजारो रेकॉर्डिंगवर शिकलेलं मॉडेल ते चित्र ओळखतं, फोन तुमचा चेहरा ओळखतो साधारण तसंच.

पक्षी ओळखला, फोन खिशात टाकला, विषय संपला असं मला वाटलं. तेव्हा काका म्हणाले की याच गावात एक माणूस हीच घरटी बघत कित्येक महिने बसला होता, आणि त्या वेळी त्याच्याकडे नोकरी नव्हती. ते होते डॉ. सलीम अली. नाव शाळेत ऐकलेलं होतं, पण किहीमचा भाग मला माहीत नव्हता. मग मी वाचत गेलो. आज त्यांच्याबद्दल लिहितोय त्याचं कारण मात्र काकांची म्हैस आहे. तिच्याकडे येतोच.

डिग्री नाही, नोकरी नाही

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवलं. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पोहोचला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याला पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले. हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून पुढे जातो.

कॉलेज त्यांना जमलं नाही. ब्रह्मदेशात घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले, तोही जमला नाही. १९१८ मध्ये तहमिनांशी लग्न झालं. पक्ष्यांचं ज्ञान भरपूर होतं, पण रीतसर डिग्री नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हेतली जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते गाइड लेक्चरर झाले. नोकरीतून रजा काढून जर्मनीला गेले आणि बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. त्याच काळात हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात रिंग घालण्याचं काम त्यांनी जवळून पाहिलं. १९३० मध्ये परत आले, तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केलेली होती.

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून दोघं किहीमच्या एका छोट्या घरात आले. जवळच सुगरणींची वस्ती होती. काम नव्हतं, वेळ होता.

सुगरणीची काही घरटी अर्धवट, हेल्मेटसारखी दिसतात. ती नराने स्वतःला झोके घ्यायला, आराम करायला बांधलेली असतात असं तोवर समजलं जायचं. सलीम अलींनी एकेक घरटं, एकेक पक्षी रोज पाहिला आणि वेगळंच चित्र दिसलं. नर घरटं अर्धं विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीला पसंत पडलं तर ती ताबा घेते आणि मगच नर पुढचं विणकाम पूर्ण करतो. ती अंडी उबवायला बसली की हा लगेच शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. अर्धवट घरटं म्हणजे कुणी अजून पसंत न केलेला फ्लॅट. हा अभ्यास १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आला आणि पक्षीशास्त्रात त्यांचं नाव झालं.

इथे मी अडकलो. एका शिंदीवर वीस-पंचवीस पिवळे नर, सगळे एकसारखे. त्यातला हा कोण आणि तो कोण हे कळल्याशिवाय असा शोध लागणार कसा? माझ्या अ‍ॅपने मला जात सांगितली होती. सलीम अली बघत होते तो एकेक पक्षी. माझ्या मते प्राण्यांची काळजी घेण्याचं आजचं निम्मं तंत्रज्ञान या एका फरकावर उभं आहे.

रिंगवर लिहिलेला पत्ता

पुढचं आयुष्य भराभर सांगतो. त्यांनी संस्थानांकडे प्रस्ताव ठेवला: खर्च तुमचा, पगार नको, तुमच्या राज्यातले पक्षी मोजून देतो. हैदराबादपासून सुरुवात झाली. घर, तंबू, हिशेब, प्रवास या सगळ्यात तहमिना सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. त्यानंतर ते बहीण आणि मेहुण्यांकडे राहिले आणि काम चालू ठेवलं. १९४१ मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं. चित्र बघून सामान्य माणसाने पक्षी ओळखायचा, म्हणजे त्या काळातलं मर्लिनच. (बाइकवाल्यांसाठी एक गोष्ट: १९५० मध्ये स्वीडनला पक्षीशास्त्रज्ञांची परिषद होती, तर हा पन्नाशीतला माणूस आपली सनबीम मोटारसायकल बोटीने युरोपात घेऊन गेला आणि तिच्यावरून तिथे पोहोचला.)

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळात पक्ष्याचा अभ्यास करायचा तर तो मारावा लागे, आणि अभ्यासासाठी त्यांनीही पुष्कळ पक्षी मारले. रिंगमुळे दुसरा रस्ता उघडला: पकडा, नंबर घाला, सोडून द्या.

हे मोठ्या प्रमाणावर करायची संधी एका रोगामुळे आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने आजारी पडू लागली. गोचिडांतून पसरणारा हा विषाणू रशियात सापडणाऱ्या एका विषाणूचा नातेवाईक निघाला. मग तो सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर आला असेल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून बीएनएचएसने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षी पकडून रिंग घालायला सुरुवात केली. पकडायला बिहारमधले पिढीजात पारधी, म्हणजे मीरशिकार आणले होते. पक्ष्याला इजा न करता धरण्याची त्यांची कला कुठल्याच पुस्तकात नव्हती. १९७३ पर्यंत लाखाहून जास्त पक्ष्यांच्या पायात अ‍ॅल्युमिनियमची रिंग गेली. तिच्यावर एक नंबर आणि बीएनएचएसला कळवा अशी सूचना, बस. बॅटरी नाही, नेटवर्क नाही. आपल्याकडे रिंग घातलेले पक्षी पुढे मध्य आशियात आणि सायबेरियात सापडले, तेव्हा त्यांचे रस्ते नकाशावर काढता आले.

पक्ष्यांवरचा तो संशय सिद्ध झाला नाही. रोग इथल्याच जंगलातली माकडं, छोटे प्राणी आणि गोचिडं यांच्यात फिरत होता. हाच माकडताप २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात माणसांना त्रास देतोय. माणसाचा डॉक्टर, गुरांचा डॉक्टर आणि जंगल अभ्यासणारा यांनी एकत्र काम करावं, याला आज ‘वन हेल्थ’ म्हणतात. सलीम अलींच्या वेळी हा शब्द चलनात नव्हता, काम मात्र तेच होतं.

रिंगची अडचण अशी की पक्षी पुन्हा कुणाच्या हातात पडला तरच माहिती मिळते. आता त्यावर जीपीएस-जीएसएम टॅग आलाय. पाठीवर दप्तरासारखं छोटं यंत्र, वर सोलर पॅनल. जीपीएसने जागा नोंदवायची, मेमरीत ठेवायची आणि मोबाइल टॉवरची रेंज आली की पाठवून द्यायची. तुमचा फोन रेंजमध्ये आल्यावर अडकलेले मेसेज जातात, अगदी तसं. जानेवारी २०२२ मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीत सहा फ्लेमिंगोंना असे टॅग लावले. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं सलीम.

सुगरणीला मात्र हे लावता येत नाही. टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा संकेत आहे. सुगरण भरते वीस ते तीस ग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमसुद्धा जड. किहीमच्या शिंदीवर अजून डोळे आणि रिंग, हीच टेक्नॉलॉजी चालते.

आता म्हैस

मी तिथे असतानाच काकांची म्हैस खाईनाशी झाली. अंग तापलेलं, रवंथ बंद. काकांनी १९६२ ला फोन लावला. दुपारी डॉक्टर आले आणि त्यांनी आधी तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी नंबर मोबाइलमध्ये टाकला. भारत पशुधन अ‍ॅपमध्ये तिची कुंडली उघडली: लस कधी दिली, रेतन कधी झालं. मी नंबराकडे बघत राहिलो. सुगरणीच्या पायातली रिंग आता म्हशीच्या कानात आली होती. गोठ्यातली एक म्हैस आता नोंदीतही ‘ही म्हैस’ झाली होती. मोठ्या गोठ्यांत तर गळ्यात सेन्सरचे पट्टे असतात. फोन तुमची पावलं मोजतो त्याच जातीचा सेन्सर जनावराचं चालणं आणि रवंथ मोजतो, आणि रवंथ कमी झाली की मालकाला आजाराचा इशारा मिळतो.

डॉक्टरांनी तापासाठी मेलोक्सिकॅम दिलं. नाव मी मुद्दाम विचारलं, कारण तेव्हा मी गिधाडांबद्दल वाचत होतो.

सलीम अली १९८७ मध्ये वारले. त्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड आपल्याकडे इतकं होतं की ते कधी संपेल अशी शंकाही कुणाला आली नसेल. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची ९९ टक्क्यांहून जास्त गिधाडं नाहीशी झाली. कारण कळलं २००४ मध्ये: डायक्लोफिनॅक, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक इंजेक्शन. इंजेक्शन दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर त्याची किडनी निकामी होते. युरिक अ‍ॅसिड अवयवांवर खडूसारखं साचतं आणि पक्षी काही दिवसांत मरतो. डॉक्टरांनी गुरांचं भलंच केलं होतं. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, आणि मेलोक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय ठरला. आपल्या रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या बाजूला अजून ही गिधाडं आहेत. एका गोठ्यातल्या इंजेक्शनचा त्यांच्याशी थेट संबंध आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं.

हा धागा जुळला तो वर्षानुवर्षं पक्षी मोजणाऱ्यांमुळे. भरतपूरला, जिथे सलीम अलींनी इतकी वर्षं काम केलं, तिथेच बीएनएचएसच्या लोकांना गिधाडांची घरटी कमी होताना आधी दिसली. जुने आकडे नसते, तर कमी झाली हे तरी कशावरून म्हणणार?

म्हैस तिसऱ्या दिवशी चरायला लागली. मी निघायच्या आधी फोन घरात ठेवून विहिरीपाशी दोन तास बसलो. घरटी मोजली: चौदा, त्यातली पाच हेल्मेटच्या अवस्थेत. माद्या आल्या, एका घरट्यात शिरल्या, बाहेर पडल्या, उडून गेल्या. कोणता नर कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी काकांचा फोन आला, रो-रो मिळाली का विचारायला. जाता जाता त्यांनी सांगितलं की त्या पाचांतलं एक खाली पडलंय.