सेवेला शिक्षणाची जोड देणाऱ्या रमाबाई

रमाबाई रानडे हे नाव निघाले की मराठी वाचकाला प्रथम आठवते ते १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे आत्मकथन. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासातील संसार, शिक्षण आणि मनोभंग यांची ही हकीकत न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी, म्हणजे १९०१ पाशी थांबते. रमाबाई मात्र त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या. या तेवीस वर्षांत त्यांनी जी कामे उभी केली, त्यांतील एकाचा उल्लेख फारसा होत नाही. घरंदाज म्हणवणाऱ्या मराठी कुटुंबांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेचे रीतसर शिक्षण मिळावे यासाठी त्यांनी केलेली ही खटपट होती.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी २५ जानेवारी १८६२ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना अक्षरओळखही करून दिलेली नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या रानड्यांशी त्यांचे लग्न झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. या विसंगतीबद्दल रानड्यांवर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. लग्नानंतर लगेच त्यांनी आपल्या लहानग्या पत्नीला शिकवायला आरंभ केला.

रमाबाईंचे शिक्षण रात्री चाले आणि दिवसा त्याची किंमत मोजावी लागे. घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे वाचणे-लिहिणे रुचत नसे. मुलींच्या इंग्रजी शाळेची मागणी करण्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचले, तेव्हा घरी त्यांना कडवट बोलणी खावी लागली. १८८४ साली पुण्यात ती शाळा निघाली. हुजूरपागा या नावाने ती आजही ओळखली जाते. विरोध करणाऱ्यांत न्यायमूर्तींच्या विधवा भगिनीही होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जिला शिक्षणाचा सर्वांत अधिक उपयोग झाला असता, तीच शिक्षणाला विरोध करीत होती. ही गाठ किती घट्ट आहे, हे रमाबाईंनी पुस्तकांतून जाणले नव्हते. ते त्यांनी स्वयंपाकघरात सोसले होते.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि कुटुंब मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांचे मंडळ चालवले, भाषा, सामान्यज्ञान व शिवणकामाचे वर्ग घेतले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना मूलबाळ नव्हते. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि पुष्कळ काळ त्यांनी बाहेरचे व्यवहार बंद ठेवले. पुढे त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. रुग्णालयांत फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. समाजकार्याचा हा दुसरा आरंभ रुग्णाच्या खाटेपाशी झाला, ही गोष्ट पुढील घटनांचा विचार करता महत्त्वाची ठरते.

त्या काळी एकत्र कुटुंबात आजाऱ्याची शुश्रूषा कोण करी? बहुधा घरातील विधवा. रात्ररात्र उशाशी बसणे, मळलेली अंथरुणे बदलणे, बाळंतिणीचे उठबस करणे, काढे उकळणे ही सारी कामे तिच्याकडे असत. या श्रमांना मोल नव्हते आणि त्यांत शास्त्रही नव्हते. नाडीचे ठोके मोजणे, ज्वर मापून त्याची नोंद ठेवणे, जखम निर्जंतुक करणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळेवर बदलणे, बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी हात व उपकरणे स्वच्छ करणे या गोष्टी मायेने आपोआप येत नाहीत. त्या शिकाव्या लागतात. त्या न शिकल्यामुळे कित्येक बाळंतिणी प्राणास मुकत. दुसरीकडे, पुरुष डॉक्टरांच्या आणि परक्या माणसांच्या धास्तीने बायका रुग्णालयाची पायरी चढायला कचरत. आपली भाषा बोलणारी, आपल्या चालीरीती जाणणारी शिकलेली परिचारिका तेथे असेल, तर ही भीती पुष्कळ कमी होणार होती.

इंग्लंडमध्येही हा व्यवसाय फार काळ हलका मानला जाई. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, त्यानंतर तेथील मत हळूहळू पालटले. याच नाइटिंगेलबाईंनी बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली होती. ते चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिलेले. मलबारी आणि गिडुमल या दोघांनीच पुढे १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापण्याचा संकल्प केला आणि त्याच्या मार्गदर्शनासाठी रमाबाईंकडे धाव घेतली.

१९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. अध्यक्ष रमाबाई होत्या आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजातील गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना अखंड साहाय्य होते. स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे करणारे शिक्षण हे संस्थेचे उद्दिष्ट होते. प्राथमिक शिक्षिकांचा वर्ग, शिवण, संगीत यांना समाजाने फारशी हरकत घेतली नाही. १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी विद्यार्थिनी पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा मात्र कुजबुज वाढली.

विरोधाची कारणे उघड होती. परिचारिकेला परपुरुषाच्या देहाला स्पर्श करावा लागे. मलमूत्र, रक्त, पू यांशी तिचा संबंध येई. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांना हे विटाळाचे काम वाटे. रुग्णाची जात विचारण्याची सोय नव्हती. रात्रपाळी असे. या व्यवसायात तोवर प्रामुख्याने ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व पारशी स्त्रिया असल्यामुळे आपली मुलगी तेथे गेली की धर्मही जाईल, अशी भीती बोलून दाखवली जाई. शिवाय विधवेने पगार मिळवणे हेच पुष्कळांना खपत नव्हते. घरात फुकट केली तर ती सेवा पुण्यकर्म आणि रुग्णालयात शिकून, वेतन घेऊन केली तर कुळाला बट्टा, असा हा न्याय होता.

रमाबाईंनी या विरोधाला दोन मार्गांनी उत्तर दिले. विद्यार्थिनींच्या राहण्याची जबाबदारी संस्थेने घेतली. सेवासदनाच्या वसतिगृहात राहून, संस्थेच्या देखरेखीखाली त्या रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यामुळे पालकांच्या मनातील निम्मी शंका फिटली. दुसरा मार्ग त्यांच्या स्वतःच्या जगण्याचा होता. त्या स्वतः विधवा, धर्मपरायण, साध्या राहणीच्या आणि न्यायमूर्तींच्या पत्नी. त्यांच्यावर स्वैरपणाचा आरोप टिकणे शक्य नव्हते. आपली ही प्रतिष्ठा त्यांनी विद्यार्थिनींच्या मागे ढालीसारखी उभी केली.

या ढालीची कसोटी संस्थेच्या एका वार्षिक समारंभात लागली. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक तरुण विधवा पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आली आणि तिचे फुलांनी स्वागत झाले. फुले हे सौभाग्याचे लेणे. विधवेच्या हाती ती पाहताच प्रेक्षकांतून कुचेष्टेचे आवाज उठले. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी हा प्रकार झाकून नेला नाही. सुशिक्षित म्हणवणाऱ्या त्या श्रोतृवर्गाला त्यांनी तिथेच, विद्यार्थिनींच्या देखत, खडे बोल सुनावले. एरवी मृदू बोलणाऱ्या या बाईंचा तो संताप अनेकांना अनपेक्षित होता. ज्या घरात त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे बोलणी मुकाट्याने ऐकली, त्या घरातील सून त्या दिवशी दुसऱ्या एका मुलीसाठी बोलत होती.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पुण्यात मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा, या चळवळींतही त्या अग्रभागी होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

रमाबाईंच्या प्रयत्नांना मर्यादा होत्या. त्यांचा वावर मुख्यतः मध्यमवर्गीय, पांढरपेशा समाजात होता, आणि परंपरेला उघड आव्हान देण्यापेक्षा तिच्या चौकटीत राहून वाट काढणे त्यांना मानवत असे. पंडिता रमाबाईंचा बाणेदारपणा त्यांच्यात शोधू नये. परंतु शिकलेली परिचारिका ही कुटुंबाला अभिमान वाटावा अशी कमावती स्त्री आहे, हे मराठी मध्यमवर्गाला पटवण्यासाठी बहुधा अशाच व्यक्तीची गरज होती.

आज पणजीपासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून बडोद्यापर्यंत कोणत्याही रुग्णालयात गेलो तर आपण परिचारिकेला सहज ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. तिच्या पदवीबद्दल, तिने ठेवलेल्या नोंदींबद्दल कुणाला शंका नसते. तिच्या पगाराविषयी आणि रात्रपाळीच्या ताणाविषयी मात्र आपण अजूनही क्वचितच विचारतो. सेवा करणारीने मोबदल्याचे नाव काढू नये, हा जुना समज अजून पुरता गेलेला नाही. रमाबाईंनी ज्याच्याशी झुंज घेतली, तो हाच समज होता.