पायाखालचा नकाशा

लहानपणी वर्गातला नकाशा भिंतीवर उंच टांगलेला असे. गुरुजींची छडी तिथवर पोचे, आमचे हात पोचत नसत. त्यामुळे माझी एक पक्की समजूत झाली होती की उत्तर म्हणजे वर, कौलांकडे, आणि दक्षिण म्हणजे खाली, जमिनीकडे. पाणी उतारावरून खाली येते, हे चिरनेरच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहत असणार, असा माझा सरळ हिशेब. नर्मदा पश्चिमेला जाते हे मी पाठ केले, त्याचे गुणही मिळवले, पण मनातून ते कधी पटले नव्हते.

गेल्या वर्षी इतिहासाच्या एका टिपणासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचत बसले असताना काशीच्या भारतमाता मंदिराची माहिती हाती लागली. या मंदिरात मूर्ती नाही. मूर्तीच्या जागी संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा सुमारे तीस फुटांचा नकाशा जमिनीवर मांडला आहे. त्यात डोंगर उंच आहेत, मैदाने सपाट आहेत आणि नद्यांच्या रेघा आहेत. काशीचे देशभक्त बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी हे मंदिर बांधले आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एवढे टिपून मी पान उलटणार होते, पण पुढच्याच मजकुराने मला थांबवले. ही कल्पना गुप्तांना सुचली ती पुण्यात. १९१३ च्या कराची काँग्रेसहून परतताना ते मुंबईला व तेथून पुण्याला आले आणि धोंडो केशव कर्वे यांचा विधवाश्रम पाहायला गेले. तिथे त्यांना जमिनीवर तयार केलेला भारताचा नकाशा दिसला. त्यातले डोंगर उंचावलेले होते आणि नद्या खोलगट होत्या. काशीच्या संगमरवराचे मूळ असे हिंगण्याच्या मातीत आहे.

महर्षी कर्वे यांना मी तोवर पाठ्यपुस्तकातल्या एका चित्रापुरतेच ओळखत होते. पांढरी दाढी, पगडी आणि खाली सनावळी. आता त्या चित्राला पाय फुटले. मी त्यांचे चरित्र मिळवून वाचले. त्यात मला जागोजागी एकच गोष्ट दिसत राहिली, ती म्हणजे हा माणूस आयुष्यभर चालला.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळी झाला आणि बालपण दापोलीजवळच्या मुरुडला गेले. म्हणजे आमच्यासारखेच ते कोकणच्या किनाऱ्यावरचे मूल. घरची स्थिती बेताची होती. सतराव्या वर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसण्यासाठी ते भर पावसात, सोबत्यांबरोबर, सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले. शंभरावर मैलांची ही वाट त्यांनी चार दिवसांत तुडवली. तिथे परीक्षा घेणाऱ्यांना ते वयाने फारच लहान वाटले, आणि त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. सतरा वर्षे पूर्ण असूनही केवळ चणीवरून त्यांना परत यावे लागले. हा प्रसंग वाचताना मला फार वाईट वाटले. परंतु त्यांनी शिक्षण सोडले नाही. १८८१ साली ते मॅट्रिक झाले, १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले, आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुनर्विवाह केला. गोदूबाई पुढे आनंदीबाई झाल्या आणि लोक त्यांना बाया म्हणत. या लग्नामुळे मुरुडकर संतापले. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसायचे नाही, आणि भावाने त्यांना घरात घेतले तर त्यालाही वाळीत टाकायचे, असे गावाने ठरवले. ज्या गावाच्या भल्यासाठी त्यांनी पूर्वी निधी उभारला होता त्याच गावाची जमीन त्यांच्या पायाखालून काढून घेतली गेली.

त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम पुण्यापासून सुमारे चार मैलांवर हिंगण्याच्या माळावर नेला. रावबहादूर गोखले यांनी त्यासाठी जागा दिली होती. आज ज्या भागाला कर्वेनगर म्हणतात तिथे तेव्हा एक झोपडी उभी राहिली. धड रस्ताही नव्हता. अण्णा कॉलेजात दिवसभर गणित शिकवायचे आणि संध्याकाळी शहरातून लागणारे सामान घेऊन चिखलाकाट्यांतून हिंगण्याला चालत जायचे. तिथे मुलींना शिकवून ते पुन्हा शहरात परतायचे. हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

आता त्या माळावरचा जमिनीवरचा नकाशा डोळ्यांसमोर आणून पाहा. तो पाहणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? कोणी दहाव्या वर्षी विधवा झालेली, कोणी केस काढून माजघरात बसवलेली. अशा बाईचा भूगोल म्हणजे चूल, विहीर आणि मागचे दार. उंबरठा ओलांडणे हाच तिच्यासाठी अपशकुन. तिने हिमालय कधी पाहायचा? तो हिंगण्याच्या अंगणात तिच्या गुडघ्याशी आला. चार पावले टाकली की गंगा, आणखी चार टाकली की विंध्य. भिंतीवरच्या नकाशाकडे मान वर करून पाहावे लागते. जमिनीवरच्या नकाशाभोवती चालता येते, वाकता येते, आणि हात लावून डोंगर किती उंच हे कळते. ज्यांना कुठेच जाऊ दिले नव्हते त्यांच्यासाठी या नकाशाचे मोल काय असेल, हे मला एका क्षणात उमगले.

मग मलाही राहवेना. नाताळच्या सुटीत भात झोडून आमचे खळे रिकामे झाले होते. शेजारपाजारची बारा-पंधरा पोरे गोळा केली आणि त्यावर महाराष्ट्र काढायला घेतला. आधी सूर्य कुठे उगवतो ते पाहून उत्तर ठरवली आणि उत्तरेकडेच उत्तर मांडली. उरणची खाडी ज्या अंगाला आहे त्या अंगाला निळीच्या पाण्याने अरबी समुद्र केला. कर्नाळ्याचा सुळका ज्या दिशेला आहे त्या दिशेला भिजवलेल्या मातीचा सह्याद्री रचला. चुन्याने सीमा आखल्या आणि राखेने काळी जमीन केली. मग तांब्याभर पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर ओतले. पहिल्याच लोंढ्यात निम्मी रत्नागिरी वाहून गेली आणि पोरे हसून लोळली. माती थापून पक्की केली आणि दुसऱ्यांदा बेताने ओतले. कोकणाकडचे पाणी एका दमात समुद्राला मिळाले. देशावरचे पाणी मात्र हळूहळू पूर्वेकडे वळत खूप लांब गेले. त्र्यंबकला उगवणारी गोदावरी तिथून अवघ्या ऐंशी किलोमीटरवरचा अरबी समुद्र सोडून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. आणि नर्मदा पश्चिमेला जाते हे मला एकोणिसाव्या वर्षी प्रथम पटले.

पण एक गोष्ट मनात सलत होती, ती इथे प्रामाणिकपणे लिहायला हवी. हिंगण्याच्या आश्रमातल्या सुरुवातीच्या बहुतेक मुली उच्चवर्णीय, विशेषतः ब्राह्मण घरांतल्या होत्या. आमच्या समाजात केशवपन नव्हते आणि विधवेला पाट लावता येई. माझी आजी तरुणपणीच विधवा झाली, पण ती माजघरात बसली नाही. तिने शेत लावले आणि भाजीची पाटी घेऊन पनवेलचा बाजार केला. तिच्यासमोरचा उंबरठा वेगळा होता, तो अक्षराचा. मग कर्व्यांचे काम आमच्यासाठी होते का, असा प्रश्न मला पडला.

त्याचे उत्तर मला त्यांच्या उतारवयात मिळाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पहिल्या वर्गात पाचच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे हा त्यांचा आग्रह होता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले. एवढे झाल्यावर कोणीही थांबला असता. अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असा प्रवास केला, संस्थेसाठी मदत मागत. आणि १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्यासाठी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. १९४४ साली माणसामाणसांतील भेद नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी समता संघ काढला. त्यांचे वर्तुळ घरच्या विधवेपासून सुरू झाले आणि दर वेळी मोठे होत खेड्याच्या वेशीपर्यंत आले. सगळ्यांना एकदम कवेत घेण्याची भाषा त्यांनी केली नाही. एका वाटेचे चालणे झाले की ते पुढच्या वाटेला लागले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, ते गेले.

आता आमच्या खळ्यावरची शेवटची गोष्ट. नकाशा पाहायला आजी आली, पण आत पाऊल टाकीना. धरतीमातेवर पाय कसा द्यायचा, असे तिचे म्हणणे. मी म्हटले की तू रोज शेतात तेच तर करतेस. तिने थोडा विचार केला. मग शेतात उतरताना करते तसा जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत आली. चिरनेर कुठे आहे, असे तिने विचारले. मी बोट ठेवले. एवढेसे, म्हणून ती नाराज झाली.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या मोकळ्या जागेत नुसत्या चिरनेरचा नकाशा काढला. गणपतीचे देऊळ, तळे, वाड्या आणि आक्कादेवीचे रान. २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी आणि त्याचे सोबती जिथे गोळीबाराला सामोरे गेले, त्या जागी पोरांनी आठ पांढरे खडे मांडले. मी आक्कादेवीचा ओढा काढला. आजीने काठीने तो पुसला आणि दुसऱ्या वाटेने वळवला. पाणी इथून येत नाही, त्या टेपाडाला वळसा घालून येते, असे तिने सांगितले. आम्ही जाऊन पाहिले. तिचेच खरे होते.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. शिकले म्हणून नकाशा मी काढणार आणि आजी पाहणार, असे मी धरून चालले होते. जमिनीवर उतरल्यावर कळले की न शिकलेल्या माणसाजवळही नकाशा असतो. तो भिंतीवर टांगलेला नसतो, इतकेच. माझ्या मते अण्णांनी हे ओळखले होते. शिकणाऱ्याने मान वर करून ज्ञानाकडे पाहत बसावे, असे त्यांना वाटत नव्हते. ज्ञान त्याच्या पायाशी यावे, म्हणून ते स्वतः चालत गेले.

यंदाच्या पावसात दोन्ही नकाशे वाहून गेले. पुढच्या नाताळात भात झोडून झाले की पुन्हा काढू. या वेळी ओढे आजी आखणार आहे आणि त्यांची नावे लिहिण्यापुरती अक्षरे मी तिला शिकवणार आहे. तिने अ पासून सुरुवात करायला नकार दिला आहे. तिला आधी चिरनेरचा च हवा आहे.