कामाची हमी देणारे सभापती : वि. स. पागे



मागच्या महिन्यात कोलार रोडवर आपली अन्नदानाची सेवा होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी कामाच्या आशेनं उभ्या असणाऱ्या मजुरांपैकी एकानं पुरी-भाजीचं पाकीट घेतलं, हात जोडले आणि विचारलं, की घरात काही काम असेल तर सांगा, आज अजून कोणी बोलावलं नाही. पाकीट देणारे आपले काका क्षणभर गप्पच झाले. घरी आल्यावर या प्रसंगावर बरंच बोलणं झालं आणि त्यातूनच या वेळच्या चरित्राला विषय मिळाला. भुकेल्याला अन्न द्यावं हे आपण सगळे जाणतो. पण त्याला काम मागण्याचा हक्कच मिळावा, असा विचार एका मराठी माणसानं केला होता, आणि तो कायद्यात उतरेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नव्हता. त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे. महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळींना हे नाव चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे भोपाळमध्ये मात्र फार थोड्यांनी ऐकलं असेल.

पागेंचा जन्म 1910 सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीचा. वकिलीचं शिक्षण झालं, पण मन होतं स्वातंत्र्याच्या चळवळीत. तुरुंगवासही घडला. संतवाङ्मयाचा अभ्यास दांडगा, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. राजकारणातला माणूस आणि ज्ञानोबा-तुकोबांत रमलेला, अशी जोडी आज जरा दुर्मीळच वाटते, नाही का?

त्यांची शेती विसापूरला, तासगाव तालुक्यात. तासगाव म्हटलं की आता द्राक्षं आणि बेदाणा आठवतो. पण त्या काळी हा सगळा पूर्वेकडचा भाग म्हणजे पावसाची वाट बघणारा मुलूख. पश्चिमेला सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. ज्याची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, त्याला सुगीपर्यंत काम. ज्याची जमीनच नाही, त्याचं सुगी संपली की कठीण. उन्हाळ्याचे ते तीन-चार महिने उसनवारीवर नाहीतर गाव सोडून काढायचे. पागेंनी हे गावात राहून पाहिलं होतं.

पुढे ते विधान परिषदेत गेले. आपल्या मध्य प्रदेशात फक्त विधानसभा आहे, म्हणून सांगते: महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत, त्यातलं वरचं ते विधान परिषद. 1960 साली पागे तिचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत, म्हणजे तब्बल 18 वर्षं, त्या खुर्चीवर राहिले.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सभापतीला मान मोठा, पण हातात खातं नाही. एक विहीर मंजूर करायची म्हटलं तरी ते त्याच्या अधिकारातलं नाही. शिवाय त्यानं कुठल्या बाजूनं हिरिरीनं बोलायचं नाही, सभागृह नीट चालवायचं. मान राखून स्वस्थ बसायला याहून चांगली जागा नव्हती! पागे मात्र सुट्टीत विसापूरला गेले की मजुरांच्या कामाचा विचार करत.

असं सांगतात, की एकदा शेतीच्या खर्चासाठी काही शे रुपये हाताशी होते, तेव्हा त्यांनी पत्नीला विचारलं, की एवढ्यात किती माणसांना किती दिवस काम देता येईल. घर-शेत सांभाळणाऱ्या बाईला मजुरीचा हिशेब तोंडपाठ असतो, तो त्यांनी लगेच सांगितला. पागेंनी तोच हिशेब आख्ख्या राज्यासाठी मांडला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्र लिहिलं. नाईक स्वतः शेतीतले जाणकार. त्यांनी ते बाजूला टाकलं नाही. 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात, विसापूरच्या भागात प्रयोग सुरू झाला.

कल्पना ऐकायला सोपी होती. शेतात काम नसेल तेव्हा जो मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं. मजुरी अशी ठेवायची की पोट भरेल, पण शेतीच्या दिवसांत शेतकऱ्याचा मजूर पळणार नाही. आणि काम असं काढायचं की त्यातून गावाचं काहीतरी कायमचं उभं राहील: नालाबंडिंग, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. म्हणजे आज मजुरी मिळते आणि पुढे विहिरीला पाणी वाढतं.

1972 साली ही योजना राज्यभर जाहीर झाली, आणि लगेच तो भयंकर दुष्काळ आला. आपल्यापैकी ज्यांचं माहेर किंवा आजोळ मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे आहे, त्यांच्या घरी खडी फोडण्याच्या आणि सुकडी खाण्याच्या आठवणी अजून निघतात. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्या काळात मजुरांचे मोर्चे निघाले, डाव्या पक्षांनी आणि संघटनांनी मोठा रेटा लावला. तेव्हा सगळं श्रेय एकट्या पागेंना देणं बरोबर होणार नाही, आणि तशी गरजही नाही. पण दुष्काळ सरला की कामंही बंद, हे नेहमीचं चक्र या वेळी थांबलं, कारण मागेल त्याला कामाचा विचार आधीच रुजलेला होता.

पैसा कुठून आणायचा? याचं उत्तर मला फार आवडलं. शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर 1975 साली व्यवसाय कर बसवला, त्याला सरकारनं आपली भर घातली. तुमची मुलं-सुना पुण्या-मुंबईला नोकरीला असतील तर त्यांना पगारपत्रक उघडायला सांगा. दरमहा 200 रुपये कापले जातात ना, तो कर मुळात या कामासाठी आला. शहरातल्या पगारदाराकडून खेड्यातल्या मजुराकडे!

1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, तोही सर्व पक्षांच्या संमतीनं. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. दिवसांची मर्यादा नाही. पुढे राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू झाला 26 जानेवारी 1979 ला. तोवर पागे सभापतीपदावरून उतरले होते.

या कामांवर बायका फार मोठ्या संख्येनं आल्या. मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे बाईला कमी आणि पुरुषाला जास्त हा भेद बराच कमी झाला. नवऱ्यापुढे हात न पसरता पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईचा पैसा कनवटीला लावलेल्या कितीतरी जणी असतील.

दोषही होते, ते झाकायला नकोत. हजेरीपटावर खोटी नावं, महिनोन्‌महिने रखडलेली मजुरी, पहिल्याच पावसात वाहून गेलेले रस्ते. सेवेचं काम हिशेबात ढिलं पडलं की काय होतं, हे आपल्या मंडळानंही ध्यानात ठेवण्यासारखं आहे (मागच्या भंडाऱ्याची पावती पुस्तकं अजून तीन जणांकडून यायची आहेत 😊).

आपण ज्याला मनरेगा म्हणून ओळखतो, तो केंद्राचा कायदा 2005 साली झाला आणि 2006 च्या फेब्रुवारीपासून देशातल्या 200 जिल्ह्यांत कामं सुरू झाली. तिथे कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी होती. हा कायदा करताना महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. म्हणजे आपल्या सीहोर-रायसेनच्या खेड्यांत ज्या बाईनं मनरेगात तळं खोदलं, तिच्या जॉब कार्डचं मूळ तासगाव तालुक्यातल्या त्या शेतात सापडतं.

पागे 1990 साली गेले. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात खड्डे खणण्याची मजुरी मिळू लागली, आणि कोकणातल्या कातळावर आंबा-काजू, तर दुष्काळी माळावर बोरं-डाळिंबं उभी राहिली.